नितळ म्हणजे शुद्ध नव्हे!

मी सेकंड इयरला असताना, ऐन पावसाळ्यात धाकट्या भावाला कावीळ झाली. रिपोर्टमध्ये निघालं 'हिपॅटायटिस ए'. डॉक्टर म्हणाले, "दूषित पाण्यातून होते ही." आईला पटेना. "अहो, आमच्याकडे कँडलचा फिल्टर आहे. पाणी कसं काचेसारखं येतं!" खरं तर मलाही पटलं नव्हतं. मग पुस्तकं उघडली आणि ट्यूब पेटली.

मित्रांनो, गढूळ पाण्यातले मातीचे अतिबारीक कण लवकर खाली बसत नाहीत. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटी फिरवली की हा भार नाहीसा होतो, कणांचे पुंजके बनतात आणि तळाशी बसतात. आजीची तुरटी म्हणजे चक्क कोलॉइड केमिस्ट्री!

यानंतर कँडल. ती शेवटी एक चाळणीच. चांगल्या सिरॅमिक कँडलची छिद्रं एका मायक्रॉनपेक्षा लहान असतात. ई. कोलायसारखे जिवाणू एक-दोन मायक्रॉन लांब, म्हणून ते बहुतेक अडतात. पण काविळीचा हा विषाणू जेमतेम ०.०३ मायक्रॉनचा! कांद्याच्या जाळीदार पिशवीत मोहरी भरली तर राहील का?

यूव्ही फिल्टर गाळत नाही. त्याचे २५४ नॅनोमीटरच्या आसपासचे किरण जंतूंच्या जनुकीय द्रव्यावर घाव घालतात, मग त्यांची वाढच होत नाही. मात्र पाणी गढूळ असेल तर जंतू कणांच्या सावलीत लपतात, म्हणून आधी गाळणं आलंच. आरओचा पडदा दाबाखाली पाण्यातले क्षारही अडवतो, पण बरंच पाणी वाया घालवतो. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. तेवढे नसतील तर केवळ क्षारांसाठी आरओ कशाला?

आणि सगळ्यात साधा उपाय? पाणी गाळून, खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्यायचं. जिवाणू, विषाणू दोन्ही खलास! क्षार मात्र तसेच राहतात.

भाऊ महिन्याभरात बरा झाला. आता आमच्याकडे फिल्टरचं पाणी उकळलं जातं, झाकून ठेवलं जातं आणि लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढलं जातं. कुणी पेला बुडवलाच, तर आई ओरडायच्या आत भाऊच ओरडतो!