सुधारित आवृत्ती : विचारून की न विचारता?

मोबाइलमधील ॲप म्हणजे यंत्राला दिलेल्या आज्ञांची एक दीर्घ मालिका होय. ती माणसांनी लिहिलेली असल्यामुळे तीत उणिवा राहून जातात. उणीव ध्यानी आली, की ॲपचे कर्ते दुरुस्त केलेली आवृत्ती सिद्ध करतात. व्यवहारात तिलाच ‘अपडेट’ म्हणतात. ती कोट्यवधी मोबाइलांपर्यंत पोहोचविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात पडद्यावर सूचना येते व मालकाने होकार दिल्यावरच बदल होतो. दुसऱ्यात मालकाला न विचारता हे काम आपोआप पार पडते. यांपैकी श्रेयस्कर मार्ग कोणता?

सूचनेच्या मार्गात मालकाचा अधिकार शाबूत राहतो, परंतु विलंब होतो. हातातील काम सोडून बदल करीत बसण्यास कोणीही सहसा राजी नसतो; ‘नंतर’ या शब्दावर बोट ठेवले जाते आणि ते ‘नंतर’ लांबत जाते. हा विलंब निरुपद्रवी नसतो. दुरुस्ती प्रसिद्ध होताच जुनी व नवी आवृत्ती ताडून पाहून मूळ उणीव कोठे होती, हे जाणकार हल्लेखोराला शोधून काढता येते. म्हणजे जी दुरुस्ती घेणाऱ्याचे रक्षण करते, तीच न घेणाऱ्याचा धोका वाढविते.

मे २०१९ मध्ये व्हॉट्सॲपमधील अशीच एक गंभीर उणीव उघडकीस आली. केवळ एक कॉल करून, तो कोणी उचलला नाही तरीही, हेरगिरी करणारी आज्ञावली मोबाइलमध्ये शिरविता येत होती. कंपनीने सुधारित आवृत्ती काढली व सर्वांनी ती घ्यावी असे आवाहन केले. सुमारे १४०० व्यक्तींना लक्ष्य करण्यात आले होते व त्यांत भारतातील पत्रकार आणि मानवी हक्कांचे कार्यकर्तेही होते, असे त्याच वर्षी पुढे निष्पन्न झाले.

मग सारेच आपोआप का होऊ नये? याचे उत्तर १९ जुलै २०२४ च्या घटनेत सापडते. ती घटना मोबाइलची नव्हे, संगणकांची. पण तत्त्व एकच. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-आज्ञावलीसाठी आपोआप पाठविलेली एक सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली. तोवर विंडोज प्रणालीवरील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले होते. भारतातही काही विमानप्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. जो वेग दुरुस्ती सर्वत्र नेतो, तोच चूकही सर्वत्र नेतो.

यावरील उपाय म्हणजे टप्प्याटप्प्याने वितरण. नवी आवृत्ती प्रथम थोड्या मोबाइलांना दिली जाते. बिघाड दिसला नाही, तरच तिचा विस्तार होतो. गूगल प्लेवर कर्त्यांना अशी सोय उपलब्ध आहे. अँड्रॉइड मोबाइल चार्जिंगला व वाय-फायला जोडलेला असून वापरात नसेल, तेव्हाच सामान्यतः तेथील ॲप आपोआप बदलले जाते. त्यामुळे मालकाच्या डेटाचा खर्च होत नाही व कामातही खंड पडत नाही.

तथापि प्रत्येक बदल हा दुरुस्ती नसतो. एखादी नवी आवृत्ती कॅमेरा, मायक्रोफोन किंवा ठिकाणाची माहिती मागू लागते. अशा वेळी मालकाला विचारणे अगत्याचे आहे. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून अशा संवेदनशील परवानग्या ॲपने प्रत्यक्ष वापराच्या वेळी मागाव्यात, अशी व्यवस्था झाली.

सारांश, उणिवेची दुरुस्ती आपोआप, पण बेताबेताने व्हावी. आणि मालकाच्या अधिकाराला स्पर्श करणारा बदल त्याला विचारूनच व्हावा. शाळा व ग्रंथालये यांनी आपल्या यंत्रांवर स्वयंचलित अपडेट चालू ठेवणे हिताचे. मात्र संदेशातून आलेल्या दुव्यावरून ‘अपडेट’ कधीही घेऊ नये. दुरुस्तीच्या मिषाने घरात शिरणारा चोर नवा नाही. त्याने केवळ वेष बदलला आहे.