वाहनांचे योग्यता प्रमाणपत्र : कागदाकडून संगणकाकडे

लोहाऱ्याहून उमरग्याकडे किंवा तुळजापूरकडे जाणाऱ्या कोणत्याही जीपचालकाला कागदपत्रे विचारा. आसनाखालून प्लास्टिकची एक पिशवी निघेल आणि तीत घडीवर घडी पडून विरलेले कागद असतील. त्यांतील एक कागद म्हणजे वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र. आपल्याकडे त्यालाच सर्रास ‘पासिंग’ म्हणतात. गेल्या काही वर्षांत हे प्रमाणपत्र कागदावरून संगणकावर गेले आहे. या बदलाचा अर्थ काय व त्यामुळे गावपातळीवर कोणती जबाबदारी येते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रमाणपत्राचे महत्त्व

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ अन्वये प्रवासी व माल वाहून नेणाऱ्या परिवहन वाहनांस योग्यता प्रमाणपत्र आवश्यक आहे. ते वैध नसेल तर अशा वाहनाची नोंदणीही वैध मानली जात नाही. २०१८ च्या सुधारित नियमांप्रमाणे आठ वर्षांपर्यंतच्या वाहनाचे प्रमाणपत्र दोन वर्षांसाठी आणि त्याहून जुन्या वाहनाचे एका वर्षासाठी नूतनीकृत होते. ब्रेक, सुकाणू, दिवे, टायर, धूर यांची तपासणी करून मगच ते दिले जावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. थोडक्यात, वाहन रस्त्यावर आणण्याजोगे आहे, याची प्रवाशाला मिळालेली ती हमी होय.

कागदाच्या मर्यादा

कागद हरवतो, भिजतो, फाटतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात लोहारा तालुक्यातील सास्तूर व परिसरातील गावांची घरे कोसळली. अशा आपत्तीत घराबरोबर घरातले दप्तरही मातीखाली जाते आणि जगल्यावाचल्या माणसाला आपल्या हक्काचा पुरावा नव्याने गोळा करावा लागतो, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. शिवाय कागदावरची तारीख खोडता येते, शिक्का बनावट करता येतो. रस्त्यावर वाहन थांबविणाऱ्या पोलीस कर्मचाऱ्याला खरे-खोटे ठरविण्याचे साधन त्या वेळी नसे.

बदल कसा झाला ?

‘वाहन’ या संगणक प्रणालीत नोंदणी, योग्यता, परवाना व विमा यांच्या नोंदी एकत्र येऊ लागल्या. १ जुलै २०१५ रोजी ‘डिजिलॉकर’ सेवेचा औपचारिक प्रारंभ झाला. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने ‘डिजिलॉकर’ व ‘एम-परिवहन’ यांतील कागदपत्रे मूळ कागदपत्रांच्या बरोबरीची मानावीत, अशा सूचना राज्यांना दिल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्रीय मोटार वाहन नियमांतही तशी तरतूद झाली. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार, संगणकावर पडताळणी झाली असल्यास कागदाची मागणी करू नये, असे ठरले. धूर तपासणीच्या म्हणजे पी.यू.सी. प्रमाणपत्राचा देशभर एकच नमुना २०२१ मध्ये निश्चित झाला. त्यावर क्यूआर संकेतचिन्ह असते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कागदाचे मोबाईलवर काढलेले छायाचित्र म्हणजे डिजिटल प्रमाणपत्र नव्हे. शासकीय प्रणालीतून उघडलेली नोंद हीच कायद्याने ग्राह्य आहे. उलट, छापील प्रत जवळ बाळगण्यास कोणतीही मनाई नाही. ज्याच्याकडे साधा मोबाईल आहे किंवा ज्याच्या वाटेवर संपर्कयंत्रणा क्षीण आहे, त्याने ती अवश्य ठेवावी.

गावपातळीवरील कामे

पहिले काम मोबाईल क्रमांकाचे. जुने वाहन विकत घेणाऱ्याने नोंदणीत आपले नाव व क्रमांक लावून घेतला नाही, तर पडताळणीचा सांकेतिक अंक पूर्वीच्या मालकाकडे जातो आणि नवा मालक स्वतःच्याच वाहनाच्या नोंदीला मुकतो. ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रातून अशा वाहनधारकांना मार्गदर्शन मिळाले, तर धाराशिवच्या परिवहन कार्यालयातील त्यांचा हेलपाटा व दिवसाची बुडणारी मजुरी वाचेल.

दुसरे काम शिक्षकांचे. महाराष्ट्राच्या २०११ च्या शालेय बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावयास हवी व तिने विद्यार्थी नेणाऱ्या वाहनांची कागदपत्रे पाहावयास हवीत. पूर्वी चालक दाखवील त्या कागदावर विसंबावे लागे. आता वाहन क्रमांकावरून योग्यतेची मुदत काही क्षणांत पाहता येते. मुदत संपलेल्या वाहनातून मुले नेली जात असतील, तर ‘आम्हांस कल्पना नव्हती’ असे म्हणण्यास आता जागा राहिलेली नाही.

नोंद आणि वस्तुस्थिती

तथापि संगणकामुळे ब्रेक सुधारत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. तपासणी वरवरची झाली, तर तिची संगणकीय नोंदही तितकीच पोकळ राहील. फरक एवढाच, की ती अधिक नीटनेटकी दिसेल. म्हणूनच केंद्र शासनाने २०२१ मध्ये स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम केले. अशा केंद्रांत ब्रेक, दिवे, धूर यांची चाचणी यंत्रे करतात व तिचा निकाल थेट संगणकावर नोंदला जातो. प्रमाणपत्राच्या रूपात झालेला बदल तपासणीच्या पद्धतीपर्यंत पोचणे, हा या सुधारणेचा खरा पुढचा टप्पा आहे.

तोवर दोन तपासण्यांच्या मधल्या काळाची जबाबदारी मालक व चालक यांचीच राहते. प्रमाणपत्र तपासणीच्या दिवसाची साक्ष देते. झिजलेला टायर मात्र रोज रस्त्यावर असतो. जीपमध्ये बसणाऱ्या शेतमजुराला किंवा शाळेच्या गाडीतील मुलाला नोंद कागदावर आहे की संगणकावर, याच्याशी कर्तव्य नसते. त्याला सुखरूप घरी पोचावयाचे असते. नव्या पद्धतीचे यश त्यावरूनच मोजले जाईल.