जेम्स कॉनोली : युद्धविरोधाचा अर्थ आणि त्याची कसोटी

‘युद्धविरोधी’ हे विशेषण आपल्या लेखनात बरेच सैलपणे वापरले जाते. हिंसामात्र त्याज्य मानणारा शांततावादी, एखादे विशिष्ट युद्ध अन्याय्य ठरविणारा टीकाकार आणि युद्धाला जन्म देणाऱ्या समाजव्यवस्थेवरच घाव घालू पाहणारा क्रांतिकारक, या तिघांनाही ते सारखेच लावण्यात येते. एका शब्दाने तीन भिन्न भूमिका झाकल्या गेल्या की त्यांतील विरोध दिसेनासा होतो. आयर्लंडमधील समाजवादी पुढारी जेम्स कॉनोली (१८६८–१९१६) याचे चरित्र या दृष्टीने उद्बोधक आहे. पहिल्या महायुद्धाला त्याने प्रारंभापासून कडवा विरोध केला आणि त्याच युद्धाच्या धामधुमीत सशस्त्र उठावाचे नेतृत्व करून तो मृत्युदंडास सामोरा गेला. या दोन गोष्टींची संगती कशी लावावयाची, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

कॉनोलीचा जन्म ५ जून १८६८ रोजी एडिंबरोच्या काउगेट या दरिद्री वस्तीत झाला. आईवडील आयर्लंडमधून पोटासाठी स्थलांतर करून आलेले. वडील नगरपालिकेच्या खताच्या गाड्या हाकीत. शालेय शिक्षण बेताचेच झाले. चरित्रकारांच्या मते वयाच्या सुमारे चौदाव्या वर्षी तो ब्रिटिश लष्करात दाखल झाला आणि काही वर्षे आयर्लंडमध्येच शिपाई म्हणून राहिला. ज्या देशाच्या मुक्तीसाठी पुढे त्याने प्राण वेचले, त्या देशाचे पहिले दर्शन त्याला परकीय सत्तेच्या गणवेशात घडले. गरिबाचा मुलगा सैन्यात का जातो, हे त्याला ग्रंथांतून शिकावे लागले नाही.

लष्कर सोडल्यानंतर तो स्कॉटलंडमधील समाजवादी चळवळीत शिरला. १८९६ मध्ये डब्लिनला येऊन त्याने आयरिश सोशलिस्ट रिपब्लिकन पक्ष स्थापन केला. पक्ष लहान, पण त्याचा सिद्धान्त महत्त्वाचा होता. इंग्रजी सैन्य निघून गेले आणि डब्लिनच्या किल्ल्यावर हिरवा झेंडा फडकला, तरी जमीनदार व भांडवलदार जागच्या जागी राहिले तर इंग्लंडचीच सत्ता त्यांच्या द्वारे चालू राहील, असे त्याने १८९७ मध्ये प्रतिपादन केले. राष्ट्रीय स्वातंत्र्य आणि सामाजिक क्रांती ही एकाच लढ्याची दोन अंगे मानण्याचा हा विचार त्या काळच्या राष्ट्रवाद्यांना अपरिचित होता आणि युरोपातील बहुतेक समाजवाद्यांना तो पटणारा नव्हता.

१८९९ मध्ये बोअर युद्ध सुरू झाले तेव्हा हा सिद्धान्त प्रथम व्यवहारात उतरला. युद्धाचा एक प्रमुख सूत्रधार, वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन, याला डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज सन्माननीय पदवी देणार होते. त्याच्या निषेधार्थ त्या वर्षीच्या डिसेंबरात झालेल्या निदर्शनांत कॉनोली व मॉड गॉन अग्रभागी होते. सोन्याच्या खाणींसाठी चाललेल्या या युद्धात आयरिश मजुराने का मरावे, हा त्याचा प्रश्न होता.

निवडणुकीच्या राजकारणात त्याला यश आले नाही. डब्लिन नगरपालिकेच्या वुड की या प्रभागातून त्याने १९०२ व १९०३ मध्ये निवडणूक लढविली. दोन्ही वेळा तो पराभूत झाला. पहिल्या निवडणुकीत ज्यू कामगारांसाठी यिडिश भाषेत पत्रक काढण्यात आले होते, हा तपशील भाषेच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मतदाराशी त्याच्या भाषेत बोलावे, ही केवळ प्रचाराची युक्ती नव्हती. जगाला एका समाईक भाषेची गरज आहे असे कॉनोली मानीत असे. परंतु लहान राष्ट्रांनी आपापल्या भाषांचा मृत्यू पत्करल्याने ती जवळ येईल, हे त्याला मान्य नव्हते. भाषेविषयीचे हे मत व राष्ट्रांविषयीचे त्याचे मत यांचा साचा एकच आहे: ऐक्य हवे, पण ते गिळंकृत करण्यातून नव्हे.

१९०३ ते १९१० हा काळ त्याने अमेरिकेत काढला. तेथे त्याने कामगार संघटनेचे काम केले आणि ‘हार्प’ हे मासिक चालविले. ‘लेबर इन आयरिश हिस्टरी’ हा त्याचा प्रमुख ग्रंथ १९१० मध्ये, मायदेशी परतण्याच्या सुमारास, प्रसिद्ध झाला. १९१२ मध्ये क्लॉनमेल येथील कामगार परिषदेत त्याच्याच ठरावावरून आयरिश मजूर पक्षाचा पाया घातला गेला. पुढील वर्षी डब्लिनच्या मालकांनी टाळेबंदी पुकारली आणि सुमारे २०,००० कामगार रस्त्यावर आले. पोलिसांच्या लाठ्यांपासून संपकऱ्यांचे रक्षण करण्यासाठी नोव्हेंबर १९१३ मध्ये ‘आयरिश नागरिक सेना’ उभी राहिली. कॉनोलीच्या हाती पुढे जे शस्त्रबळ आले त्याचा उगम युद्धात नसून संपात आहे, ही गोष्ट विसरता कामा नये.

१९०७ च्या स्टुटगार्ट परिषदेत आंतरराष्ट्रीय समाजवाद्यांनी युद्ध रोखण्याचा निर्धार व्यक्त केला होता. ऑगस्ट १९१४ मध्ये तो कोलमडला. जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने ४ ऑगस्टला युद्धकर्जाच्या बाजूने मत दिले. फ्रान्स व ब्रिटनमधील बहुसंख्य कामगार पुढारीही आपापल्या सरकारांच्या मागे गेले. त्याच आठवड्यात कॉनोलीने लिहिले की, राजे व सावकार यांच्यासाठी एकमेकांचे गळे कापण्याऐवजी युरोपातील कामगारांनी अडथळे उभारले, पूल मोडले आणि वाहतूक बंद पाडली, तर आयर्लंडने त्यांचे अनुकरण करणे न्याय्य ठरेल. सप्टेंबरात आयरिश संसदीय पक्षाचा नेता जॉन रेडमंड याने वुडनब्रिज येथे स्वयंसेवकांना युद्धावर जाण्याचे आवाहन केले. उलट कॉनोली ऑक्टोबरात स्थापन झालेल्या आयरिश तटस्थता संघाचा अध्यक्ष झाला. कामगार संघाच्या लिबर्टी हॉल या इमारतीवर मोठा फलक झळकला: आम्ही ना राजाचे सेवक, ना कैसरचे, आम्ही आयर्लंडचे.

त्याच्या युद्धकाळातील लेखनात एक संज्ञा वारंवार येते: ‘आर्थिक सक्तीची भरती’. जानेवारी १९१६ चा सक्तीच्या भरतीचा कायदा आयर्लंडला लागू नव्हता. पण मालकाने तरुण कामगाराला कामावरून कमी केले आणि लष्कराखेरीज दुसरे दार उघडे ठेवले नाही, तर कायद्याची गरजच काय, असे त्याचे म्हणणे होते. त्या युद्धात सुमारे दोन लाख आयरिश पुरुष ब्रिटिश सैन्यात होते. त्यांतील किती जण खरोखर ‘स्वेच्छेने’ गेले, हा प्रश्न या एका संज्ञेने उभा केला.

तथापि कॉनोली शांततावादी नव्हता. जानेवारी १९१५ मधील एका लेखात त्याने बजावले की, सुसंस्कृत किंवा मानवतावादी युद्ध नावाची वस्तूच अस्तित्वात नाही. दडपलेल्या राष्ट्रावर, वर्गावर किंवा स्त्रीजातीवर, दास्य संपविण्यासाठी युद्ध लादले जाऊ शकते. पण ते लढताना त्याच्या उदात्ततेविषयी भ्रम बाळगू नये. त्या वर्षाच्या अखेरीस पॅट्रिक पिअर्सने रणांगणातील रक्ताने पृथ्वीचे हृदय उबदार होते असे गौरवपर लिहिले, तेव्हा कॉनोलीने असा विचार करणाऱ्याला मूर्ख ठरविले. परंतु फेब्रुवारी १९१६ मध्ये, रक्त सांडल्यावाचून उद्धार नाही, अशा अर्थाचे धार्मिक वचन त्याच्याच लेखणीतून उतरले. दरम्यान जानेवारीत त्याने आयरिश रिपब्लिकन ब्रदरहुडच्या गुप्त मंडळाशी हातमिळवणी केली होती. ज्या भाषेची त्याने टवाळी केली तीच भाषा त्याने थोड्याच आठवड्यांत स्वीकारली, हा विसंवाद झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

त्याचा मित्र फ्रान्सिस शीही-स्केफिंग्टन याची भूमिका येथे तुलनेसाठी उपयुक्त आहे. तोही समाजवादी आणि तटस्थता संघातील सहकारी. सैन्यभरतीविरुद्ध भाषणे केल्याबद्दल १९१५ मध्ये त्याने तुरुंगवास भोगला. पण स्वयंसेवकांच्या लष्करी वृत्तीलाही त्याचा जाहीर विरोध होता. २४ एप्रिल १९१६ रोजी उठाव सुरू झाला तेव्हा कॉनोली डब्लिनमधील बंडखोर सैन्याचे सूत्रचालन मुख्य टपाल कचेरीतून करीत होता आणि स्केफिंग्टन निःशस्त्रपणे रस्त्यावरील लूटमार थांबवू पाहत होता. २६ एप्रिलला एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हुकुमाने स्केफिंग्टनला चौकशीविना गोळ्या घालण्यात आल्या. जखमी कॉनोलीला १२ मे रोजी किल्मेनम तुरुंगात खुर्चीला बांधून ठार करण्यात आले. त्या सप्ताहात सुमारे ४८५ माणसे मेली. त्यांतील निम्म्याहून अधिक सामान्य नागरिक होते.

या आकड्यापुढे कॉनोलीचा बचाव सोपा नाही. साम्राज्यांचे युद्ध थांबविण्यासाठी साम्राज्यावरच आघात करावा, हा त्याचा तर्क सुसंगत होता. पण त्या आघाताची किंमत डब्लिनच्या गरीब वस्त्यांनी मोजली. उलट, स्केफिंग्टनच्या अहिंसेनेही त्याला वाचविले नाही. मात्र कॉनोलीच्या राजकारणाचे एक तिसरे अंग उठावाच्या झगमगाटात दृष्टिआड होते. १९१८ मध्ये सरकारने आयर्लंडवर सक्तीची भरती लादण्याचे ठरविले, तेव्हा २३ एप्रिल रोजी बेलफास्टचा प्रदेश वगळता देशभर कामगारांनी एक दिवसाचा सार्वत्रिक संप केला. राष्ट्रवादी पक्ष व धर्मसंस्थेचा विरोधही प्रखर होता. तो कायदा आयर्लंडमध्ये कधीच अंमलात आला नाही. १९१४ मध्ये युरोपभर व्हावी अशी जी कृती कॉनोलीला अपेक्षित होती, तिचेच हे एका देशापुरते रूप होते.

म्हणून कॉनोलीला ‘युद्धविरोधी’ म्हणताना त्या विशेषणाला दुसऱ्या शब्दाची जोड द्यावी लागते. तो साम्राज्ययुद्धाचा विरोधक होता, युद्धमात्राचा नव्हता. हा भेद न करणारा अभ्यासक एक तर त्याला ढोंगी ठरवील, नाही तर संत. त्याच्या चरित्राला या दोहोंपैकी एकही शब्द शोभत नाही.