धुऱ्याचं बीळ आणि हृदयाचा ताल

यवतमाळकडच्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही: धुऱ्याला उंदराने बीळ पाडलं की शेतातलं पाणी तिथूनच वाट काढतं. बाकीचा धुरा कितीही पक्का असला तरी उपयोग नाही. हृदयावर घातलेल्या रेघांमधली अशीच बिळं शोधण्यात जैववैद्यकीय संशोधक रिचर्ड शुस्लर यांची कारकीर्द गेली. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ते सर्जनांच्या जोडीने काम करत. सुरी मात्र सर्जनांच्या हाती.

रोगाचं नाव एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाच्या वरच्या कप्प्यांत विजेच्या लहरी मिनिटाला साडेतीनशेहून अधिक वेळा भिरभिरतात, कप्पे नुसते थरथरतात. नाडीवर बोट ठेवलं तर ठोक्यांना ताल सापडत नाही, ईसीजीत 'पी' लहर दिसत नाही. कप्प्यात रक्त साचून गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली, तर लकवा. आपल्याकडे या रोगाचं मूळ अनेकदा बालपणीच्या संधिवाताच्या तापात असतं. घसा बरा होतो, सांध्यांची सूज उतरते. पुढे कित्येक वर्षांनी हृदयातला मायट्रल व्हॉल्व्ह अरुंद झाल्याचं कळतं.

या लहरी जातात कुठून? शुस्लर आणि सहकाऱ्यांनी हृदयाच्या पृष्ठभागावर एकाच वेळी अनेक इलेक्ट्रोड ठेवून संगणकावर त्यांचे नकाशे काढले. लहरी गोल गोल फिरतात आणि जागाही बदलतात. मग एक जागा कापून काय होणार? सर्जन जेम्स कॉक्स यांनी 1987 मध्ये वरच्या कप्प्यांत चिरे देऊन ते पुन्हा शिवले. व्रणातून वीज जात नाही. त्यामुळे लहरींना गोल फिरायला जागा उरली नाही, नैसर्गिक ठोक्याला मात्र वाट राहिली. म्हणून नाव 'मेझ', भूलभुलैया.

काम किचकट, वेळखाऊ. 2002 मध्ये सर्जन राल्फ डॅमियानो यांनी बहुतेक चिऱ्यांऐवजी रेडिओफ्रिक्वेन्सीचा चिमटा आणला: भिंत दोन्ही बाजूंनी धरायची आणि काही सेकंदांत भाजायची.

पण भाजलेली रेघ सलग झाली का? 2008 मध्ये शुस्लर आणि डॅमियानो यांच्या गटाने कुत्र्यांच्या हृदयावर तपासलं, तेव्हा जेमतेम एक मिलिमीटरच्या फटीतूनही लहर पार गेली.

आता व्हॉल्व्हसाठी छाती उघडलीच असेल, तर सर्जन त्याच वेळी मेझही करू शकतो. चिमटा काढल्यावर तो रेघेपलीकडे, फुफ्फुसाकडून येणाऱ्या शिरेला बारीक विजेची टिचकी देतो. हृदयाने दाद दिली, तर कुठे तरी फट राहिली; पुन्हा चिमटा लावायचा.