डेकचा कठडा आणि वॉशरखालचे लाकूड

न्यूझीलंडच्या उन्हाळ्यात घरामागचा लाकडी डेक हीच बैठकीची खोली होते. पाहुणे जमतात आणि गप्पांच्या ओघात कठड्याला रेलतात. तो कठडा किती सुरक्षित आहे, याचे उत्तर पुष्कळदा बोल्टच्या वॉशरखाली दडलेले असते.

बाहेरच्या कठड्यासाठी दर मीटरला ०.७५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ७५ किलो वजनाइतका आडवा जोर धरतात. खांब १.२ मीटर अंतरावर असतील, तर एकेका खांबावर ०.९ किलोन्यूटन येतो. खांब डेकच्या कडेच्या तुळईला बाहेरून बोल्टने जोडलेला आहे असे समजू. कठड्याची वरची कड खांबाच्या टेकणबिंदूपासून १२०० मिलिमीटर उंच आणि वरचा बोल्ट १५० मिलिमीटर उंच असेल, तर तरफेच्या नियमाने बोल्टवरची ओढ आठपट होते: ७.२ किलोन्यूटन. त्याला १.५ हा सुरक्षा-गुणक लावला की १०.८.

१२ मिलिमीटरचा पोलादी बोल्ट ही ओढ सहज पेलतो. लाकडाचे तसे नाही. कडब्याची पेंढी आडवी ठेवून दाबली की चेपते. वॉशरही लाकडाला तंतूंच्या आडव्या दिशेनेच दाबतो. 'एनझेडएस ३६०३' या मानकात एसजी-८ प्रतीच्या कोरड्या रेडिएटा पाइनचे दाब-सामर्थ्य तंतूंच्या दिशेने १८ मेगापास्कल, तर आडवे केवळ ८.९ आहे.

आता क्षेत्रफळ पाहू. २४ मिलिमीटर व्यासाच्या साध्या गोल वॉशरमधून १३ मिलिमीटरचे भोक वजा केल्यावर उरतात जेमतेम ३१९ चौरस मिलिमीटर. त्याला ८.९ ने आणि ०.८ या क्षमता-गुणकाने गुणले की क्षणिक भारासाठी २.३ किलोन्यूटन मिळतात, गरज १०.८ ची! येथे नेहमी वापरला जाणारा ५० मिलिमीटरचा चौकोनी वॉशर मात्र सुमारे १६.९ देतो. दिसायला क्षुल्लक असा हा फरक सातपटींहून अधिक आहे.

तरीही निश्चिंत होता येत नाही. ओल्या लाकडासाठी ८.९ च्या जागी ५.३ घ्यावे लागतात आणि तोच चौकोनी वॉशर १० वर येतो. लहान क्षेत्रावरील दाबाला आजूबाजूच्या तंतूंचा आधार मिळतो म्हणून मानक थोडी सवलत देते; ती धरली तरच हिशेब जुळतो. शिवाय वॉशर पातळ असेल तर तो बशीसारखा वाकतो आणि कडेचे क्षेत्र कागदावरच राहते. म्हणून ३ मिलिमीटर जाडी.

लाकूड वाळले की आकसते, नट सैल पडतो. पहिल्या उन्हाळ्यानंतर तो पुन्हा आवळावा लागतो. वॉशर लाकडात रुतलेला दिसला, तर आवळण्यापूर्वी तो मोठा बसवावा.