द प्लॅस्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स

द प्लॅस्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स हा तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातील (आताच्या चेक प्रजासत्ताकातील) प्राग शहरात इ.स. १९६८ साली स्थापन झालेला रॉक संगीतसमूह आहे. सायकेडेलिक रॉक, प्रायोगिक रॉक आणि मुक्त जॅझ यांच्या मिश्रणातून या समूहाने स्वतःची काळोखी, आवर्तनप्रधान शैली घडवली. तथापि त्याचे नाव संगीताच्या इतिहासापेक्षा राजकीय इतिहासातच अधिक वेळा घेतले जाते. समूहाच्या सदस्यांवर आणि स्नेह्यांवर इ.स. १९७६ मध्ये चाललेला खटला हा 'चार्टर ७७' या मानवी हक्कविषयक सनदेचे निकटचे कारण ठरला. यातील विसंगती अशी की, या मंडळींना राजकारणात फारसा रस नव्हता. त्यांना आपली गाणी आपल्या पद्धतीने वाजवायची होती, एवढेच.

स्थापना आणि नाव

अलेक्झांडर दुब्चेक यांनी आरंभलेल्या राजकीय उदारीकरणाचा काळ 'प्राग वसंत' या नावाने ओळखला जातो. २० ऑगस्ट १९६८ च्या रात्री वॉर्सा कराराच्या सैन्याने देशात प्रवेश केला आणि हा वसंत संपला. त्यानंतर काही आठवड्यांतच सतरा वर्षांच्या मिलान ह्लावसा (१९५१-२००१) याने प्रागमधील काही मित्रांसह हा समूह उभा केला. 'मेयला' या टोपणनावाने ओळखला जाणारा ह्लावसा बास गिटार वाजवीत असे आणि बहुतेक चालीही त्याच्याच असत.

अमेरिकन संगीतकार फ्रँक झॅपा आणि त्याचा 'मदर्स ऑफ इन्व्हेन्शन' हा समूह यांच्या इ.स. १९६७ मधील 'प्लॅस्टिक पीपल' या गाण्यावरून समूहाने आपले नाव घेतले. झॅपाप्रमाणेच न्यूयॉर्कचे 'द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' आणि 'द फग्ज' हे समूह त्यांचे आदर्श होते. आरंभीच्या कार्यक्रमांत हे तरुण चेहरे रंगवून, लांब झगे घालून, अग्नी आणि प्रकाशाचे खेळ करीत वाजवीत. पूर्वी 'द प्रिमिटिव्ज ग्रुप' नावाच्या प्रागमधील समूहात असलेला योसेफ यानिचेक पुढे यांना येऊन मिळाला, तसाच व्हायोला वाजवणारा यिर्झी काबेशही.

कलेतिहासाचा अभ्यासक आणि कवी इवान मार्टिन यिरौस (१९४४-२०११) हा समूहाचा कलादिग्दर्शक झाला. तो कोणतेही वाद्य वाजवीत नसे. व्हेल्व्हेट अंडरग्राउंडच्या बाबतीत चित्रकार अँडी वॉरहॉलने जी भूमिका पार पाडली, तिच्याशी यिरौसच्या भूमिकेची तुलना केली जाते. ही तुलना अर्धीच खरी आहे, कारण वॉरहॉलला आपल्या हौसेपायी तुरुंगात जावे लागले नाही.

परवाना आणि परीक्षा

दुब्चेक यांच्या जागी इ.स. १९६९ मध्ये गुस्ताव्ह हुसाक आले आणि 'सामान्यीकरण' नावाचे पर्व सुरू झाले. शब्द निरुपद्रवी असला, तरी त्याचा व्यवहारातील अर्थ सुधारणांपूर्वीची शिस्त परत आणणे हा होता. सार्वजनिक ठिकाणी मानधन घेऊन वाजवायचे, तर वादकाला सरकारी संस्थेशी संलग्न राहून परीक्षक मंडळापुढे परीक्षा द्यावी लागे. मंडळ केवळ वादनाचे गुण पाहत नसे. केसांची लांबी, समूहाचे इंग्रजी नाव, गाण्यांची भाषा आणि त्यांतील उदास सूर हेही विचारात घेतले जाई. अनेक समूहांनी केस कापले, नावे बदलली आणि व्यवसाय टिकवला. प्लॅस्टिक पीपलने यांपैकी काहीही केले नाही. इ.स. १९७० मध्ये त्यांचा व्यावसायिक दर्जा गेला आणि त्यासोबत सरकारी मालकीची वाद्ये व ध्वनिवर्धकही परत गेले. यांत्रिक कामात निष्णात असलेल्या यानिचेकने जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंच्या भागांतून ध्वनिवर्धक जुळवले, असे सांगितले जाते.

याच काळात पॉल विल्सन हा कॅनडाचा तरुण समूहात गायक म्हणून आला. तो इ.स. १९६७ पासून चेकोस्लोव्हाकियात इंग्रजी शिकवत होता. त्याने सदस्यांना इंग्रजी गाण्यांचे शब्द व अर्थ समजावून दिले आणि इ.स. १९७० ते १९७२ या काळात स्वतः गायन केले. पुढे त्याला देशाबाहेर घालवण्यात आले. नंतर त्याने वाक्लाव हावेल आणि योसेफ श्क्वोरेत्स्की यांचे साहित्य इंग्रजीत नेले. एका रॉक समूहाने चेक साहित्याला एक उत्तम अनुवादक दिला, असे म्हणण्यास हरकत नाही.

परवान्याशिवाय कार्यक्रम करण्याच्या युक्त्याही शोधल्या गेल्या. कलावंतांच्या संघटनेचा सदस्य या नात्याने यिरौसला व्याख्यान देण्याचा अधिकार होता. तो वॉरहॉलच्या चित्रांवर व्याख्यान ठेवी, थोड्या पारदर्शिका दाखवी आणि मग 'उदाहरणादाखल' समूह व्हेल्व्हेट अंडरग्राउंडची गाणी दीर्घकाळ वाजवी. पुढे विवाहसमारंभ हे निमित्त झाले. खेड्यातील खानावळीत मित्राचे लग्न, त्याला निमंत्रित पाहुणे आणि पाहुण्यांच्या करमणुकीसाठी संगीत, यात कायद्याला खटकण्यासारखे वरकरणी काही नसे.

चेक भाषेकडे

इ.स. १९७० च्या दशकाच्या आरंभी सॅक्सोफोनवादक व्रातिस्लाव ब्राबेनेत्स समूहात आला, तो एक अट घेऊनच. परक्यांची इंग्रजी गाणी वाजवणे थांबवावे, स्वतःची रचना करावी आणि ती चेक भाषेत गावी, ही त्याची मागणी मान्य झाली. समूहाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वळण हेच होय. तोवर हे तरुण न्यूयॉर्कचे अनुकरण करीत होते. आता त्यांच्या आसपासचे जग त्यांच्या गाण्यात आले.

शब्दांसाठी त्यांना एगॉन बाँडी (१९३०-२००७) हा कवी सापडला. झ्बिन्येक फिशर हे त्याचे खरे नाव. तो तत्त्वज्ञ होता, मार्क्सवादी होता आणि त्याच्या कविता छापल्या जात नसत. त्या टंकलिखित प्रतींतून हातोहात फिरत. त्याच्या कवितांत बिअर, कंटाळा, बद्धकोष्ठता आणि विशीतच आलेला उबग अशा विषयांना स्थान होते. त्यांत घोषणा नव्हत्या आणि सरकारचा निषेधही क्वचितच होता. अधिकृत वृत्तपत्रांतील उज्ज्वल भविष्यकाळाशेजारी ही बद्धकोष्ठता ठेवली की ती टीका ठरे. पण ते शेजारपण राज्यव्यवस्थेनेच निर्माण केले होते. बाँडीने गुप्त पोलिसांना माहिती पुरवल्याचे राजवट कोसळल्यावर उघड झाले. त्यामुळे त्याच्याविषयीचा आदर अनेकांच्या मनात दुभंगला, तरी समूहाची त्याच्या शब्दांवरील गाणी आजही ऐकली जातात.

बाँडीच्या कवितांवरील 'एगॉन बाँडीज हॅपी हार्ट्स क्लब बॅन्ड' हा अल्बम हौस्का येथील किल्ल्यात, साध्या साधनांवर, इ.स. १९७४-७५ च्या सुमारास ध्वनिमुद्रित झाला. शीर्षक बीटल्सच्या प्रसिद्ध 'सार्जंट पेपर्स' अल्बमच्या नावावर बेतलेले आहे. त्यातील शेवटचा शब्द इंग्रजीत वाद्यवृंदाचा वाचक नसून बंदी घातलेल्याचा वाचक आहे, आणि दोन्हींचा उच्चार जवळपास सारखा आहे. ध्वनिफिती चोरून देशाबाहेर गेल्या आणि इ.स. १९७८ मध्ये अल्बम पश्चिम युरोपात प्रसिद्ध झाला.

या अल्बममधील संगीत प्रथम ऐकणाऱ्यास रुक्ष वाटण्याचा संभव आहे. बास गिटारची एकच ओळ दीर्घकाळ फिरत राहते. त्यावर व्हायोला आणि व्हायोलिन कर्कश रेघा ओढतात, सॅक्सोफोन मुक्त जॅझच्या पद्धतीने तुटक आक्रोश करतो आणि गायक गातो कमी, खडबडीत आवाजात उच्चारतो अधिक. ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉकमधील तांत्रिक सफाई आणि भव्य स्वररचना येथे नाही. मात्र दीर्घ रचना, विषम ताल, साहित्यकृतींवर आधारलेले सलग अल्बम आणि रॉकबाहेरील वाद्यांचा मुक्त वापर यांमुळे त्या प्रवाहाच्या श्रोत्यांनी या समूहाला आपल्यात गणले आहे.

दुसरी संस्कृती

३० मार्च १९७४ रोजी चेस्के बुद्येयोवित्सेजवळील रुडोल्फोव्ह येथे समूहाचा कार्यक्रम होता. दूरदूरहून आलेल्या शेकडो तरुणांना पोलिसांनी अडवले, रेल्वे स्थानकाच्या भुयारी मार्गात लाठ्यांनी झोडपले आणि परत पाठवले. काही विद्यार्थ्यांना शिक्षणास मुकावे लागले. हा प्रसंग 'बुद्येयोवित्सेची कत्तल' या नावाने लक्षात राहिला.

पुढील वर्षी यिरौसने 'तिसऱ्या चेक संगीत-प्रबोधनाचा अहवाल' हा निबंध लिहिला. त्यात त्याने 'दुसरी संस्कृती' ही कल्पना मांडली. अधिकृत, म्हणजे 'पहिल्या' संस्कृतीशी झगडू नये किंवा तिच्याकडे मान्यताही मागू नये. तिच्यापासून स्वतंत्र अशी आपली संस्कृती निर्माण करावी, असे त्याचे प्रतिपादन होते. या वर्तुळाला 'अंडरग्राउंड' म्हणत. मराठीत त्याचे भाषांतर 'भूमिगत' असे केल्यास बेचाळीसच्या चळवळीतील लपूनछपून वावरणारे कार्यकर्ते डोळ्यांपुढे येतात, परंतु येथे अर्थ निराळा आहे. ही माणसे लांब केस वाढवून उघडपणे रस्त्यावरून हिंडत, कारखान्यांत नोकऱ्या करीत. लपवण्यासारखे त्यांच्याजवळ फारसे काही नव्हते.

खटला

२१ फेब्रुवारी १९७६ रोजी बोयानोवित्से येथे यिरौसच्या विवाहानिमित्त 'दुसऱ्या संस्कृतीचा दुसरा महोत्सव' झाला. मार्च महिन्याच्या मध्यास पोलिसांनी धरपकड सुरू केली. वीसहून अधिक जण ताब्यात घेतले गेले, शंभराहून अधिक लोकांची चौकशी झाली. वाद्ये, ध्वनिफिती, छायाचित्रे आणि हस्तलिखिते जप्त झाली. जुलै महिन्यात प्लझेन येथे तिघांना शिक्षा झाली. प्रागमधील मुख्य खटला २१ ते २३ सप्टेंबर या तीन दिवसांत चालला. आरोप राजद्रोहाचा नव्हता, तर संघटितपणे शांतताभंग करण्याचा, म्हणजे साध्या भाषेत गुंडगिरीचा होता. पुरावा म्हणून गीतांतील असभ्य शब्द सादर झाले. यिरौसला अठरा महिने, 'डीजी ३०७' या स्नेही समूहाच्या पावेल झायीचेकला बारा महिने, तर ब्राबेनेत्स आणि गीतकार-धर्मोपदेशक स्वातोप्लुक कारासेक यांना प्रत्येकी आठ महिने कारावास झाला. 'डीजी ३०७' हे नाव मनोविकाराच्या निदानाच्या सांकेतिक क्रमांकावरून घेतलेले आहे. ह्लावसा काही महिने कोठडीत राहून सुटला होता.

सरकारचा हिशेब असा असावा की, या केसाळ, शिवराळ तरुणांचा कैवार घेण्यास कोणी प्रतिष्ठित माणूस पुढे येणार नाही. तो चुकला. नाटककार वाक्लाव हावेल याची यिरौसशी अटकसत्रापूर्वी थोडेच दिवस आधी भेट झाली होती. त्याने ध्वनिफिती ऐकल्या होत्या आणि त्यांत त्याला एक अस्सल अस्वस्थता जाणवली होती. अटकेनंतर त्याने लेखक आणि विचारवंतांना एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. तत्त्वज्ञ यान पातोच्का आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे कवी यारोस्लाव सायफर्ट यांच्यासह अनेकांनी जर्मन लेखक हाइनरिख बोल यांना अनावृत पत्र लिहून पाठिंबा मागितला. न्यायालयाच्या जिन्यांवर आणि बोळांत बडतर्फ प्राध्यापक, पदच्युत साम्यवादी नेते, धार्मिक कार्यकर्ते आणि लांब केसांचे तरुण प्रथमच एकमेकांशेजारी उभे राहिले. एरवी त्यांची गाठ पडण्याचे काही कारण नव्हते. राजवटीने खाजवून खरूज काढली, ती अशी.

नागरी व राजकीय हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार चेकोस्लोव्हाकियात याच वर्षी अंमलात आला होता. न्यायालयाच्या बोळात जमलेल्या या वर्तुळातूनच सरकारला त्याच्या स्वतःच्या स्वाक्षरीची आठवण करून देणारी सनद तयार झाली. १ जानेवारी १९७७ ही तारीख असलेल्या चार्टर ७७ वर आरंभी सुमारे २४० जणांनी सह्या केल्या. हावेल, पातोच्का आणि माजी परराष्ट्रमंत्री यिर्झी हाजेक हे तिचे पहिले प्रवक्ते होते. दीर्घ चौकश्यांनंतर पातोच्का यांचे १३ मार्च १९७७ रोजी निधन झाले.

'सत्ताहीनांची सत्ता' या इ.स. १९७८ मधील निबंधात हावेलने या खटल्याची पुन्हा चर्चा केली. त्याच्या मते ज्यांना राजकीय भूमिका होती, त्यांची अटक राजकीय डावपेच म्हणून सोडून देता आली असती. ज्यांना स्वतःच्या मनासारखे जगण्यापलीकडे काही नको होते, त्यांच्यावरील आघात हा मात्र प्रत्येकावरील आघात होता.

बंदीतील निर्मिती

सुटकेनंतर जाच थांबला नाही. सरकारी दूरचित्रवाणीवरील 'मेजर झेमान' या पोलिसी मालिकेच्या एका भागात अशाच एका रॉक समूहाचा संबंध विमान अपहरणाशी जोडण्यात आला. अनेक प्रेक्षकांना या समूहाची ओळख झाली ती याच विपर्यस्त रूपात. समूह मात्र वाजवत राहिला. ब्राबेनेत्सने बायबलच्या आधारे रचलेले 'पाशियोव्हे ह्री' हे ख्रिस्ताच्या यातनांवरील संगीतनाट्य एप्रिल १९७८ मध्ये ह्रादेचेक येथील हावेलच्या शेतघरात सादर झाले. मार्च १९८१ मध्ये केरहार्तित्से येथील ज्या घरात 'त्सो झ्नामेना वेस्ती कोन्ये' ही रचना सादर झाली, ते घर त्यानंतर आगीत भस्मसात झाले. सततच्या पोलिसी छळामुळे ब्राबेनेत्सने इ.स. १९८२ मध्ये देश सोडून कॅनडा गाठला. यिरौसने निरनिराळ्या खटल्यांत मिळून सुमारे साडेआठ वर्षे तुरुंगात काढली आणि तेथेच आपल्या काही उत्कृष्ट कविता लिहिल्या.

विघटन आणि पुनर्मीलन

परवान्यासाठी किती तडजोड करावी, या वादातून इ.स. १९८८ मध्ये समूह फुटला. जे सरकारला वीस वर्षांत साधले नव्हते, ते राजवट अखेरच्या घटका मोजत असताना आपसांतील मतभेदांनी साधले. ह्लावसाने 'पूल्नोत्स' (अर्थ : मध्यरात्र) हा नवा समूह काढला. इ.स. १९८९ च्या अखेरीस हावेल राष्ट्राध्यक्ष झाला. त्या सत्तांतराला 'मखमली क्रांती' म्हणतात आणि त्या नावाचा संबंध व्हेल्व्हेट अंडरग्राउंडशी जोडण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु 'मखमली' हे विशेषण रक्तपाताविना झालेल्या बदलाचे वर्णन करते.

चार्टर ७७ ला वीस वर्षे पूर्ण झाली तेव्हा, इ.स. १९९७ मध्ये, हावेलच्या सूचनेवरून समूह पुन्हा एकत्र आला आणि प्रागच्या किल्ल्यात, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्याच निवासात, वाजवला. पुढील वर्षी हावेलच्या अमेरिका भेटीत ह्लावसाने व्हाइट हाउसमध्ये लू रीडसोबत वादन केले. ५ जानेवारी २००१ रोजी कर्करोगाने त्याचे निधन झाले. उर्वरित सदस्यांनी कार्यक्रम सुरू ठेवले. ब्रिटिश नाटककार टॉम स्टॉपर्ड यांच्या 'रॉक अँड रोल' (२००६) या नाटकात समूहाच्या कथेला मध्यवर्ती स्थान आहे.

ध्वनिमुद्रणे

समूहाच्या अल्बमांची कालक्रमानुसार यादी करणे अवघड आहे, कारण ध्वनिमुद्रणाचे वर्ष आणि प्रकाशनाचे वर्ष यांत अनेकदा मोठे अंतर आहे. इ.स. १९६९ ते १९७२ मधील इंग्रजी व आरंभीची चेक गाणी 'मुझ बेझ उशी' या नावाने इ.स. २००२ मध्ये आली. 'पाशियोव्हे ह्री' (१९८०) आणि 'त्सो झ्नामेना वेस्ती कोन्ये' (१९८३) हे अल्बम प्रथम कॅनडात, विल्सनच्या 'बोझी म्लिन' या छोट्या संस्थेतर्फे निघाले. 'पूल्नोच्नी मिश' हा विघटनापूर्वीचा अखेरचा, तर 'लिन्ये स तेबोउ स्पिम' (२००१) हा ह्लावसाचा सहभाग असलेला शेवटचा अल्बम होय. त्यानंतर नव्या गाण्यांचा 'मास्का झा मास्कोउ' हा अल्बम इ.स. २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.