पायाने चाखणारा कोळी
कोळ्यांची दुनिया : भाग ६

मागच्या आठवड्यात कोळ्याला कंपनं कशी कळतात ते पाहिलं. आता वास आणि चव. टॅरँटुलाच्या बाबतीत हा प्रश्न जरा अवघड आहे. त्याला नाक नाही, कीटकांसारख्या मिशा नाहीत, आणि पाठीच्या पुढच्या उंचवट्यावर दाटीने बसलेल्या आठ डोळ्यांचा फारसा भरवसा नाही. तरीही बिळाच्या तोंडाशी आलेलं भक्ष्य कोणतं आणि जोडीदार कोणता, हे तो ओळखतो. कंपनांची मदत त्याला होतेच. पण रसायनांची जी बातमी त्याला लागते, ती मुख्यतः पायांच्या टोकांतून लागते. आणि तिथे जे घडतं ते हुंगण्यापेक्षा चाखण्याच्या अधिक जवळचं आहे, असं माझं म्हणणं आहे.

कोळ्याच्या पायावरच्या असंख्य केसांत काही केस निराळे असतात. ते आडवे न पडता जवळजवळ ताठ उभे राहतात, किंचित वळलेले असतात आणि त्यांच्या बोथट टोकाला एक उघडं छिद्र असतं. राइनर फोलिक्स यांनी १९७०च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची रचना उलगडली. एकेका केसाच्या मुळाशी सुमारे २१ चेतापेशी असतात. त्यांतल्या १९ पेशींचे तंतू पोकळीतून थेट टोकाच्या छिद्रापर्यंत जातात आणि उरलेल्या दोन मुळाशीच थांबून स्पर्श टिपतात. म्हणजे पाय टेकला की ‘काहीतरी लागलं’ आणि ‘ते असं लागलं’ या दोन्ही बातम्या एकाच केसातून निघतात. असे केस आठही पायांच्या टोकांना आणि तोंडाजवळच्या दोन स्पर्शपादांवर असतात. स्पर्शाशिवाय ते सहसा काम करत नाहीत, म्हणून मी त्याला चव म्हणतो.

टॅरँटुलाच्या पायांवरच्या अशाच केसांवरून मोठा वाद झाला. २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये गोर्ब आणि सहकाऱ्यांनी कोस्टा रिकातल्या झेब्रा टॅरँटुलाचे पाय रेशीम स्रवतात, असा दावा केला, काचेवर त्याच्या पावलांचे रेशमी ठसे मिळाले होते. २०११ मध्ये क्लेअर रिंड यांच्या गटाने आणखी तीन जातींत पायांवर ‘तंतुनलिका’ दाखवल्या. त्यांतली एक, पिसिलोथेरिया रेगॅलिस, आपल्या सह्याद्रीतही राहते. एवढं जड जनावर उभ्या काचेवरून घसरून फुटू नये म्हणून पायातून दोर सोडत असेल, ही कल्पना मोहक होती खरी. पण उरुग्वेच्या पेरेझ-मायल्स यांच्या गटाने पोटाच्या टोकाची तंतुअंगं बंद करून पाहिली, तेव्हा काचेवर रेशीम उमटलंच नाही. मग २०१२ मध्ये फोलिक्स आणि सहकाऱ्यांनी त्या कथित नलिकाच तपासल्या. आत चेतातंतूंचे जुडगे निघाले, आणि रचना इतर कोळ्यांच्या चव घेणाऱ्या केसांशी जुळली. टोकावर दिसणारा स्राव म्हणजे छिद्रातून बाहेर आलेला द्रव असावा, असं त्यांनी मांडलं.

यावर रिंड यांच्या बाजूचा आक्षेप दुबळा नव्हता: कोळी घसरला तरच रेशीम सुटतं, आणि त्यांच्या प्रयोगांत पोट काचेला टेकलेलं नव्हतं. पण पोट टेकलं नाही म्हणजे रेशीम पायातूनच आलं, असं सिद्ध होत नाही. पोटाकडचा धागा पायाला लागून पुढे जाऊ शकतो. आणि नलिकेत चेतातंतू कशाला, याचं उत्तर रेशीमवाद्यांकडे नव्हतं. सूक्ष्मदर्शकाचा पुरावा मला इथे निर्णायक वाटतो.

वागणूकही हेच सांगते. मादीच्या बिळाबाहेर पसरलेल्या रेशमाला पाय लागला की पुष्कळ जातींचा नर अंग थरथरवून प्रणयाराधन सुरू करतो. मादी आत असते, समोर फक्त तिचा धागा असतो. तो धागा पायाने चाखूनच पुढची हालचाल ठरते.

मग दुरून येणारा वास? पायाच्या टोकाकडच्या वरच्या बाजूला एक बारीक खड्डा असतो. ब्लुमेंथाल यांनी १९३५ मध्ये त्याचा अभ्यास केला आणि अनेकांनी त्याला नाक मानलं. पुढे क्युपिएनियस या भटक्या कोळ्यात तो मुख्यतः हवेतला ओलावा आणि उष्णता टिपतो असं दिसलं. खरा धक्का २०२५ मध्ये बसला: आर्गिओपे ब्रुएनिकी या जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या नरात, पायांच्या वरच्या भागांवर, भिंतीभर सूक्ष्म छिद्रं असलेले केस सापडले आणि ते हवेतून आलेला मादीचा गंध टिपतात असं मोजमापातून दिसलं. माद्यांत ते केस नव्हते. मग माझं म्हणणं कोलमडतं का? तसं वाटत नाही. त्याच अभ्यासात कोळ्यांच्या काही जुन्या शाखांत असे केस आढळले नाहीत, आणि टॅरँटुलाचं कुळ जुन्याच शाखांत मोडतं. शिवाय कीटकांची गंधग्राहक जनुकं कोळ्यांत नाहीतच. त्यांच्याकडे आहेत ती चवग्राहकांची आणि आयनग्राहकांची जनुकं. म्हणजे आर्गिओपेच्या नरालाही हुंगायचं ते कीटकांहून निराळ्या साधनांनीच.